गलोलवाली माशी

"हलू नका. श्वास धरा."

हे वाक्य मामू आधी माणसांना सांगायचे आणि पुढे माशांना सांगायला लागले. सांगताना उजव्या हाताचा तळवा छातीसमोर उभा धरायचे आणि डाव्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे. घड्याळ त्यांना ढिलं व्हायचं, हात वर केला की ते घरंगळत कोपराकडे निघायचं. दोन-तीन सेकंद गेले की म्हणायचे, "सोडा." माणसं श्वास सोडायची. माशा काय करायच्या ते माशांना माहीत.

आम्ही दोघं एकाच दवाखान्यात नोकरीला होतो. मी केसपेपरच्या खिडकीत आणि ते एक्स-रेच्या खोलीत. आपल्याकडे एक्स-रेला एक्स-रे कोण म्हणतं? छातीचा फोटो, गुडघ्याचा फोटो. म्हणून ते फोटोवाले मामू. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते बिचारं तिथंच राहिलं. मी त्यांना मामू म्हणायची, ते मला ताई म्हणायचे. वयानं माझ्या वडिलांच्या जवळपास होते तरी त्यांनी मला कधी एकेरी हाक मारली नाही.

एकदा त्यांच्याच गावाकडची, देवगाव रंगारीची, एक आजी फोटो काढायला आली. सुनेनं तिला नवं लुगडं नेसवलं होतं, नाकात नथ, गळ्यात पोत, केसांना तेल. मामू म्हणाले, "आजी, गळ्यातलं नाकातलं उतरवा." आजी बिथरली. "फोटो काढायचा अन् डाग उतरवा म्हंतो? मोकळ्या गळ्यानं फोटो काढत्यात व्हय रं?" सून समजावते आहे, आजी ऐकत नाही, रांग वाढत चाललेली. मामू पुढे झाले आणि हळूच म्हणाले, "आजी, हा फोटो आतला हाय. अन् आत तुम्ही लई सुंदर दिसता." आजी अशी लाजली की बास. गलका ऐकून मी खिडकीतून उठून आले होते; पोत काढून तिनं माझ्या हातात दिली आणि मशीनसमोर ताठ उभी राहिली. श्वास धरा म्हटलं तेव्हा तिनं डोळेसुद्धा मिटून घेतले.

पण फोटो झाल्यावर जे व्हायचं ते हसण्यासारखं नसायचं. मामू ओली प्लेट घेऊन बाहेर आले की बाकड्यावरची माणसं उठून त्यांना घेरायची. "काय हाय मामू? काय दिसतंय?" मामूंना सगळं दिसलेलं असायचं. बरगडीची चीर, फुप्फुसातलं पाणी, सगळं. आणि ते म्हणायचे, "डॉक्टर सांगतील." प्लेट काढणाऱ्यानं प्लेट वाचायची नसते, हा नियमच आहे. तीस वर्षं एक माणूस सगळं बघत राहिला आणि त्यातलं काही बोलला नाही, असा विचार माझ्या मनात तेव्हा कधी आला नव्हता. खिडकीतून मला तेवढा वेळ कुठे मिळायचा!

त्यांची ती काळोखी खोली मी एकदाच आतून पाहिली. लाल दिवा, नळाचं बारीक पाणी आणि औषधाचा आंबूस वास. द्रवात बुडवलेल्या प्लेटवर आधी काहीच नव्हतं, मग धुक्यातून काहीतरी वर येत असावं तशी एक कमान दिसू लागली, मग दुसरी, आणि बघता बघता एका अनोळखी माणसाची छाती आमच्यासमोर तरंगायला लागली. मला वाटलं आपण झोपेत आहोत. मामू कुजबुजत म्हणाले, "हे बघायला मिळतं म्हणून टिकलो, ताई." अजूनही कधी ताप चढला की मला ती लाल खोली दिसते.

दोघंही मागेपुढे निवृत्त झालो. गारखेड्यात त्यांचं घर माझ्या घराच्या मागच्या गल्लीत. मुमानी, म्हणजे त्यांच्या घरवाल्या, गच्चीवर कुंड्यांत कोथिंबीर, शेपू, बडीशेप लावायच्या आणि खुडायला विसरायच्या. त्यामुळे कोथिंबिरीला तुरे यायचे आणि थंडीत सकाळी त्यावर माशा जमायच्या. एके दिवशी मामूंनी मला गल्लीतूनच हाक मारली. "ताई, वर या. लवकर. पण हळू."

वर जाऊन बघते तर मामू तळवा उभा धरून कुंडीसमोर थबकलेले. त्यांच्या तळव्यापासून वीतभर अंतरावर एक माशी हवेत उभी होती. उडत नव्हती, उभी होती. तुम्हीही पाहिली असणार ही. मधमाशीसारखे पिवळे-काळे पट्टे, मोठाले डोळे, हवेत एका जागी टांगल्यासारखी राहते आणि मग दिसेनाशी होते, की पुन्हा त्याच जागी हजर. आपण तिला मधमाशी समजून हात झटकतो. मराठीत तिला सगळ्यांना पटलेलं नाव नाही. कुणी फुलमाशी म्हणतात. मामू नुसतं 'माशी' म्हणायचे, जणू घरातल्या त्या दुसऱ्या माशा माशाच नव्हेत.

"तीस वर्षं लोकांना म्हणलो हलू नका," मामू कुजबुजले, "एकानं ऐकलं नाय. कुणी खोकतंय, कुणी खाजवतंय. ही बघा. न सांगता थांबली."

तिथून त्यांना जे वेड लागलं ते लागलं. आधी एक जुना कॅमेरा आला, मग कुठल्याशा कॉलेजातल्या कीटकांच्या प्राध्यापकांकडून झेरॉक्स केलेल्या पुस्तकाची पानं आली. इंग्रजी शब्द ते मला विचारायचे, मलाही यायचे नाहीत, मग आम्ही दोघं मिळून डिक्शनरी उघडायचो. फोटो मोबाइलमध्ये बघणं त्यांना मंजूर नव्हतं. स्टुडिओतून छापून आणायचे. आणि आणले की खोलीभर बांधलेल्या दोरीला क्लिपांनी टांगायचे, प्लेटा वाळत घालतात तसे. कोरडेठाक फोटो! मी चिडवायची, "मामू, वाळले का?" ते गंभीरपणे म्हणायचे, "अजून नाय." दुपारी खिडकीतून वारा आला की त्या खोलीत शंभरेक माशा एकदम हलायच्या आणि पुन्हा थांबायच्या. मी कितीदा तरी नुसती दारात उभी राहून ते बघितलं आहे. मुमानी चहाचा कप घेऊन मागून यायच्या. "ताई भी इनके जैसी हो गई. चाय ठंडी हो री."

माझा पहिला फोटो मी मोठ्या दिमाखात नेला. चिकलठाण्याच्या बाजूला एका ओढ्याकाठी काढलेला. "मामू, मधमाशी!" त्यांनी फोटो उन्हात धरला. "पंख मोजा." मोजले. दोन. "मधमाशीला चार. ही मधमाशीचं सोंग घेतलेली माशी हाय. हिला डंख नाय, विष नाय, काय नाय. नुसतं सोंग. बहुरूपी पोलीस बनून दारात येतो का नाय, तशी." मग त्यांनी मला पंखातली एक बारीक शीर दाखवली, जी कशालाच न चिकटता मधेच सुरू होते आणि मधेच संपते. "कुठून येत नाय, कुठं जात नाय. पण फुलमाशीची खरी खूण हीच. बाकीचं सगळं सोंग."

हळूहळू लोक त्यांना फोटो पाठवायला लागले. शिक्षक, शेतकरी, कॉलेजातली मुलं. मोबाइलवर एक ग्रुप झाला. 'मामू, ही कोणती?' मामू चष्मा वर करून, खाली करून, फोटो छापून आणून, टांगून, दोन दिवसांनी उत्तर द्यायचे, आणि दहातल्या सात वेळा उत्तर असायचं, 'नाव सांगता येत नाही. मागच्या पायाची मांडी फोटोत नाही.' किंवा, 'चेहरा दिसत नाही.' लोक वैतागायचे. ग्रुपवर त्यांचं नाव 'नाही-मामू' पडलं. एका उत्साही प्राध्यापकांनी लिहिलं, अहो मामू, अंदाजे तरी सांगा. मामूंनी मला टाइप करायला लावलं: 'अंदाज हवामानखात्याला विचारा.'

त्यांचं ब्रीदच होतं, "जित्ता दिखरा, उत्ताच बोलना." मराठीत सांगायचं तर, दिसतंय तेवढंच बोलायचं. प्रत्येक फोटोच्या पाठीमागे तीन ओळी असायच्या. नाव. दिसलं. दिसलं नाही. गावच्या मराठी शाळेत शिकलेलं त्यांचं अक्षर गोल आणि सुबक होतं. नावाची ओळ बहुतेक वेळा रिकामी असायची आणि 'दिसलं नाही'ची ओळ भरगच्च.

एकदाच मी त्यांना झटक्यात उत्तर देताना पाहिलं. एका शेतकऱ्यानं करडईवरच्या मावा किडीचा फोटो पाठवला, त्यात एक बिनपायाची हिरवट अळी होती. 'उद्या फवारतो' असं त्यानं लिहिलं होतं. मामूंनी फोनच लावला. "दादा, फवारू नका. ती अळी मावा खायला बसली हाय. ती माशीचं लेकरू हाय. दोन आठवडे दम धरा." फोन ठेवून माझ्याकडे बघून इतके खुशीत हसले! तीस वर्षं 'काय दिसतंय' ऐकून घेतल्यावर त्यांना पहिल्यांदाच उत्तर देता आलं होतं.

आता त्या माशीबद्दल सांगते, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

कुंभारीण तुम्हाला माहीत असेल. बारीक कमरेची, भिंतीवर मातीचं गाडगं बांधणारी, चावली तर आई आठवते ती. एक फुलमाशी हुबेहूब तिचं सोंग घेते. तीच कंबर, तेच पिवळे पट्टे. पंख मोजून ओळखावं तर कुंभारीण पंखांची घडी घालून बसते, चाराचे दोनच दिसतात. मग ओळखायचं कसं? कपाळ बघायचं. कुंभारणीची दोन शिंगं चेहऱ्यातून वेगवेगळी निघतात. या माशीच्या कपाळावर एक दांडी असते आणि दांडीच्या टोकाला दोन शिंगं. अगदी गलोलीसारखी. मामू तिला 'गलोलवाली' म्हणायचे.

त्यांनी ती लहानपणी एकदा पाहिली होती. देवगाव रंगारीला त्यांच्या शेताच्या बांधावर एक बाभूळ होती, तिच्या खोडाला जखम होऊन रस पाझरायचा. त्या रसावर कुंभारणीसारखी काहीतरी बसली होती. मामू पळाले. त्यांचा थोरला भाऊ मात्र पुढे झाला आणि त्यानं ती सरळ मुठीत धरली. "भाई म्हणला, ये इकडं, भिऊ नको. हिला डंख नाय. बघ, कपाळावर गलोल हाय." मामू सांगताना स्वतःची मूठ उघडून बघायचे. पुस्तकात तिचं चित्र सापडलं तेव्हा मामूंचं वय झालं होतं आणि भाऊ जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. "त्याला शाळा नव्हती ताई. पण पुस्तकात लिहिलेलं त्यानं मुठीत बघितलं होतं." त्यांना तिचा फोटो हवा होता. एकच. नाव, दिसलं, दिसलं नाही, या तिन्ही ओळी भरलेला.

तो मिळायच्या आत त्यांचे डोळे गेले. पूर्ण नाही. पडदा खराब झाला म्हणाले डॉक्टर. कडेचं दिसायचं, मधलं पुसलं जायचं. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं. माझा चेहरा बघायचा तर ते माझ्या शेजारच्या भिंतीकडे बघायचे. मुमानी नेहमी कुरकुर करणाऱ्या, पण त्या दिवशी मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "ताई, तुम आते रहना. इनकी मक्खियाँ बंद नको होने देना."

मग मी त्यांचे डोळे झाले. रोज सकाळी दहाला मी जायची, ते व्हरांड्यातल्या बाजेवर उन्हात बसलेले असायचे. मी फोटो हातात घ्यायची आणि ते ठरलेल्या क्रमानं विचारायचे. डोळे डोक्यावर जुळलेत का? शिंगं कशी? पाठीवर रेघा? पोटावर पट्टे किती? मांडी जाड का बारीक? मी फक्त दोनच उत्तरं द्यायची, 'दिसतं' किंवा 'दिसत नाही'. एकदा चुकून मी म्हणाले, "पिवळं असावं असं वाटतं."

"वाटतं हा शब्द घरी ठेवून येत जा, ताई," मामू म्हणाले. मला राग आला. माशीच्या पोटावरून एवढं काय! मी तसं बोलूनही गेले. ते मनगटावरचं घड्याळ फिरवत राहिले. मग भिंतीकडे, म्हणजे माझ्याकडे, बघत म्हणाले,

"भाईला खोकला होता. मीच गावाकडून बोलावून घेतलं. पेरणीचे दिवस, त्याला घाई. अंगावरचं सगळं काढायला लावलं, ताईत काढला, हे घड्याळ काढलं. श्वास धर म्हणलं, धरला. सोड म्हणलं, सोडला. प्लेट धुतली. लाल दिव्यातच दिसलं मला. वरच्या बाजूला, लिंबाएवढं. बाहेर आलो तर हा बाकड्यावर. म्हणला, काय हाय रे? साऱ्या दुनियेला सांगत होतो, डॉक्टर सांगतील. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, कुछ नहीं भाई, साफ है."

"मग?"

"मला वाटलं, दुपारी डॉक्टर सांगतीलच. तोवर दोन घास सुखानं खाईल. तो माझ्याकडं बघत राहिला. हसला. म्हणला, साफ हाय तर डॉक्टर कशाला, पेरणी खोळंबली. घड्याळ माझ्या हातात दिलं, ठेव म्हणला, शेतात मातीनं खराब होतं. अन् एसटी धरली."

"तुम्ही थांबवलं नाही?"

"थांबवायचं तर खरं सांगावं लागलं असतं. नंतर दोनदा गावाला गेलो. म्हणलं, डॉक्टरनं बोलावलंय. तो म्हणायचा, साफ है ना? मग पीक निघू दे." त्यांनी घड्याळ पुन्हा फिरवलं. "पीक निघालं."

त्या दिवसानंतर मी 'वाटतं' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारला नाही.

हे सगळं मला माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे मी केलं ते अजाणतेपणी केलं असं कुणाला वाटायला नको.

त्या पावसाळ्यात मामू आजारी पडले आणि दसऱ्यानंतर बरे झाले तेव्हा अर्धे उरले होते. मी एकटीच एसटीनं देवगाव रंगारीला गेले. मामूंच्या पुतण्यानं बांध दाखवला. बाभूळ होती, म्हातारी झालेली, आणि खोडावरची जखम अजून ओली होती. मी तिथं सकाळपासून बसले. कपाशीच्या शेतावरून ऊन हळूहळू सरकत होतं, लांबून कुणाच्या तरी पंपाचा आवाज येत होता, आणि मला पेंग येत होती. अर्धवट झोपेत मला दिसलं की खोडावर काहीतरी उतरलं आहे. बारीक कमरेचं. पिवळ्या पट्ट्यांचं. मी कॅमेरा उचलला आणि स्वतःलाच म्हणाले, हलू नको, श्वास धर. एकच फोटो निघाला. दुसऱ्या क्षणी खोड रिकामं होतं.

फोटो छापून मी मामूंकडे गेले. ऊन चांगलं होतं. मुमानी शेजारी लसूण सोलत बसल्या होत्या. कुठला फोटो आहे ते मी सांगितलं तेव्हा मामू बाजेवर सरळ झाले आणि त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली.

"कंबर?"

"बारीक. दिसते."

"पट्टे?"

"तीन. पिवळे. दिसतात."

"पंख?"

"दोन. नाहीतर घडी. सांगता येत नाही."

"बरोबर. डोकं?"

"सालीच्या फटीत घातलंय. रस पितेय."

मामू थांबले. निंबाच्या झाडाकडे, म्हणजे माझ्याकडे, त्यांनी तोंड केलं. ओठ किंचित उघडे होते. केसपेपरच्या खिडकीसमोर उभी राहणारी माणसं असंच तोंड करून माझ्याकडे बघायची, मी जणू नाव लिहून त्यांना बरं करणार आहे.

"कपाळ?"

कपाळ दिसत नव्हतं. डोकं फटीत होतं, तिथं नुसता काळोख होता. ती कुंभारीण असू शकत होती. शंभरातल्या नव्वद वेळा कुंभारीणच असते.

"दिसतं," मी म्हणाले.

"अन् गलोल?"

"दिसते, मामू. दांडी आहे आणि दोन शिंगं. गलोलच आहे."

मुमानींचे हात थांबले. मामूंनी उजवा तळवा उभा धरला आणि सवयीनं डावं मनगट हळूहळू वर केलं. घड्याळ घरंगळलं. "ताई, श्वास धरा," ते म्हणाले. मी धरला. "आता सांगा."

"दिसते."

"सोडा."

आणि ते हसले. असं हसणं मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. मुमानींना म्हणाले, "शेवया करा आज." मुमानी लसूण टाकून उठल्या. मामूंनी फोटो मागून घेतला, गालाशी नेला, डोळ्यांच्या कडेनं इकडून तिकडून बघायचा प्रयत्न केला, आणि जाड पेन मागितलं. मी म्हणाले, मी लिहिते. "नको. मागचं मी लिहितो." माझ्याकडे पाठ करून ते बराच वेळ लिहीत होते. मग भिंतीला हात लावत खोलीत गेले, चाचपून क्लिप शोधली आणि फोटो स्वतः टांगला. मी शेवया खाल्ल्या. घरी येऊन दार लावलं आणि खूप रडले. चांगलं काम केल्यावर माणूस असा रडत नाही, एवढं मला कळत होतं.

त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मात्र एक गोष्ट झाली. चार-आठ दिवसांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात देत म्हणाले, "ताई, चौकात घड्याळवाला बसतो ना, त्याच्याकडून पट्ट्याला एक छिद्र पाडून आणा. ढिलं होतं."

"इतकी वर्षं कसं चाललं मग?"

"भाईचं हाय. परत द्यायचं म्हणून छिद्र पाडलं नव्हतं."

मी पाडून आणलं. त्यानंतर त्यांनी हात वर केला तरी घड्याळ जागेवर राहायचं. आणि भावाच्या इतर गोष्टी, ज्या ते कधी सांगायचे नाहीत, त्या सांगायला लागले. भाई विहिरीत कसा उडी मारायचा, भाईनं आठवडी बाजारातून एकदा चुकून दुसऱ्याचीच शेळी कशी आणली. बाजेवर पडल्या पडल्या स्वतःशीच हसायचे. मी आपली मनात म्हणायची, बाई गं, एक खोटं बोललीस पण माणूस सुखात आहे. उन्हाळा सुरू व्हायच्या बेतात, एका सकाळी, मी फोटो घेऊन जिना चढत होते तेव्हाच मुमानींनी वरून सांगितलं की मामू गेले.

चाळीस दिवस झाल्यावर मुमानींनी मला बोलावलं. म्हणाल्या, "ये सब तुम्हारा है. मेरे को क्या मक्खियाँ देखना आता." मी दोरीवरचे फोटो एकेक करून काढायला लागले. खिडकी उघडी होती, उरलेल्या माशा हलत होत्या, थांबत होत्या. बाहेर गच्चीवर कोथिंबिरीला याही वर्षी तुरे आले होते आणि ते वाळूनही गेले होते.

तो फोटो सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात होता. मी तो उलटला. पूर्वीचं गोल अक्षर नव्हतं. मोठी, तिरकी, एकमेकांवर चढलेली अक्षरं होती. वाचायला मला खिडकीशी जावं लागलं.

नाव: नाही.

दिसलं: कंबर, पट्टे तीन.

दिसलं नाही: डोकं. कपाळ. गलोल.

नेहमीच्या या तीन ओळी तिथं संपत होत्या. त्याखाली थोडी जागा सोडून लिहिलं होतं:

ताई 'दिसते' म्हणाल्या. आवाजावरून लगेच कळलं. भाईलापण लगेच कळलं असंल. म्हणून त्यानं घड्याळ दिलं.

मी किती वेळ श्वास धरून उभी होते कोण जाणे. सोडा म्हणायला कुणी नव्हतं.